दमसास एकट्याचा नव्हे, दिंडीचा

सप्ताहाच्या मंडपात अलीकडे एक उद्गार वारंवार कानी पडतो. गायनाचार्य अभंगाच्या मध्येच एक सूर धरतात. पखवाज थांबतो, टाळ थांबतात, मंडप शांत होतो. सूर लांबत जातो, मानेच्या शिरा फुगतात, चेहरा लाल होतो आणि श्वास अगदी संपता संपता सूर समेवर येऊन पडतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. "बुवांचा दम काय आहे!" समोरचे चार-सहा मोबाइल तेवढाच तुकडा टिपतात आणि तेवढाच तुकडा गावोगाव फिरतो. अभंग कोणाचा होता, त्यातला भाव काय होता, हे त्या तुकड्यात सापडत नाही.

दमसास हा गायकाचा गुण आहे, याबद्दल वाद नाही. तो कशासाठी कमवायचा, एवढाच प्रश्न आहे. तो प्रश्न आता केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही, कारण त्याची किंमत गळ्यांना मोजावी लागते आहे. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. यवत, वरवंड, पाटस, केडगाव, राहू, पारगाव, तसेच न्हावरे, मांडवगण फराटा, तळेगाव ढमढेरे, पाबळ. या पट्ट्यात सप्ताह नाही असे गाव शोधावे लागेल. यातल्या कोणत्याही सप्ताहात पहिल्या दिवशीचा हरिपाठ ऐकावा आणि काल्याच्या दिवशीचा ऐकावा. पहिल्या दिवशी घुमणारे तरुण गळे आठव्या दिवशी घोगरे झालेले असतात. कोणी खडीसाखर चघळतो, कोणी जेष्ठमध, कोणी गळ्याला उपरणे गुंडाळून नुसता टाळ वाजवतो. "सेवा केली, आवाज बसणारच," असे आपण म्हणतो आणि पुढच्या गावाच्या सप्ताहाला निघतो. सेवेने आवाज बसलाच पाहिजे, असे कोणत्या संताने सांगितले आहे?

कारण गेले, सवय राहिली

आपल्या गाण्याची पट्टी उंच का, याचे उत्तर जुन्या दिवसांत सोपे होते. भजन उघड्यावर चाले. देवळाचा ओटा, पाराखालची जागा, माळावरचा तळ. विजेची सोय नव्हती. वीस-पंचवीस टाळांच्या आवाजातून शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे, तर आवाज उंच आणि धारदार हवा. पखवाजही त्याच पट्टीला चढवलेला असे. शाहिरांनीही हेच केले. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई तमाशा कलावंतांसाठी प्रसिद्ध. तिथल्या जुन्या कलावंतांची फेकही मोकळ्या मैदानासाठीच घडलेली. उंच पट्टी ही त्या काळची गरज होती.

आता मंडपात ध्वनिक्षेपक आहे. कीर्तनकाराच्या कॉलरला माइक, गायकांपुढे माइक, पखवाजाला दोन माइक. गरज संपली, पण पट्टी खाली आली नाही; उलट चढत गेली. काळी चारच्या खाली पेटी धरली की "रंग येत नाही" म्हणतात. याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पुष्कळ पुरुष गायकांना सुखाची पट्टी काळी एक ते काळी दोनच्या आसपास असते. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज. म्हणजे ज्याने आपल्या पट्टीतला पंचम हा चढाचा स्वर मानावा, त्याला आपण तिथूनच सुरुवात करायला लावतो. काळी चारचा तार षड्ज लागताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर मिटतात. तोच पुरुष घरात साधे बोलतो तेव्हा हा आकडा १०० ते १३०च्या घरात असतो. ज्याचा गळा निसर्गतः उंच आहे, त्याला हे झेपते. त्याने जरूर गावे. पण एका उंच गळ्यासाठी मंडपातल्या बाकीच्या सगळ्यांनी ओरडायचे, हा कुठला न्याय?

ध्वनिक्षेपकाने दुसरेही एक नुकसान केले. माणसाला आपलाच आवाज ऐकू आला नाही, तर तो नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवून ठेवले आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या मंडपात कर्णे श्रोत्यांकडे तोंड करून असतात. गायक त्यांच्या मागे. त्याच्या कानाशी टाळ, पाठीशी पखवाज. स्वतःचा सूर त्याला ऐकूच येत नाही. मग तो माइक असूनही ओरडतो. ध्वनियंत्रणावाला म्हणतो, आवाज पुष्कळ आहे. गायक म्हणतो, अजून वाढवा. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

काकड्याला काय होते ते आठवून पाहा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. जिथे ती पाळली जाते तिथला काकडा ऐकावा. पहाटेचा गळा जड असतो, म्हणून पट्टी आपोआप खाली येते. लय संथ. शब्द स्वच्छ. शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर लावला जातो. आणि काकडा गाऊन आवाज बसला, अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. आवाज कसा लावावा, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. रोज पहाटे आपण ते करतो आणि रोज संध्याकाळी विसरतो.

रचनेतच श्वास आहे

वारकरी गाण्यात श्वासाचे शास्त्र नाही, ते शास्त्रीय गवयांकडून किंवा योगवर्गातून आणावे लागेल, असा एक समज वाढतो आहे. हा समज तपासायला हवा.

मोठ्या अभंगाचे माप घ्या. सहा, सहा, सहा आणि चार. बावीस अक्षरे. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे अभंग याच मापाचे आहेत. लहान अभंगाचे चरण आठ-आठ अक्षरांचे. साधारण माणसाच्या एका श्वासात सहज मावेल एवढाच एक चरण. संथ लयीत दोन चरण जड वाटले तर मध्ये थांबायला जागा. शेवटचा चरण चार अक्षरांचा, म्हणजे ओळ संपताना उसंत मिळते. ही रचना सभागृहात बसून ऐकणाऱ्यांसाठी झालेली नाही. दळताना, पेरताना, चालताना म्हणता यावी अशी ती आहे. अभंग ज्याच्या तोंडी बसला, त्याला श्वासाची जागाही त्याबरोबर मिळाली.

पुढे गाण्याची रीत पाहा. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर. एका रांगेने म्हटले की दुसरी झेलते. एक बाजू गाते तेव्हा दुसरी श्वास घेते. कीर्तनकार निरूपणात दमला की नामाचा गजर करतो आणि गायक चाल धरतात; तेवढ्यात त्याचा गळा विसावतो. तमाशातला शाहीर झीलकऱ्यावर विसंबतो, तसाच कीर्तनकार टाळकऱ्यावर. ही केवळ शोभा नव्हे. यात एकाचा श्वास दुसरा राखतो.

याचा मोठा दाखला सप्ताहातच आहे. वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पण एकच विणेकरी सात दिवस उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. नाम अखंड असते, माणूस आळीपाळीने असतो. अखंडपणाची ही आपली कल्पना आहे. एकट्या गायकाने न थांबता सूर ओढून दाखवणे, ही कल्पना या परंपरेची नाही. ती दुसऱ्या मंचावरून आली आहे आणि तिने ध्रुपद धरणाऱ्यांना प्रेक्षक करून टाकले आहे. गायनाचार्यांनी दीर्घ सूर धरला की टाळकरी गप्प उभे राहतात. ज्यांनी उचलायचे तेच थांबले, तर दमसास शेवटी एकट्याच्याच छातीवर येणार.

पायी वारीत हे अधिक लख्ख दिसते. तुकोबारायांच्या पालखीचे यवत आणि वरवंड हे मुक्काम दौंड तालुक्यातले. वरवंड सोडून पाटस झाले की रोटीचा घाट लागतो. त्या चढाला रथाच्या बैलांना जादा जोड्या लावतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे. चालताना, त्यात चढ चढताना, शरीराला हवा जास्त लागते. त्याच वेळी गायचे म्हणजे एकाच श्वासातून पायांचे आणि गळ्याचे दोन्ही भागवायचे. अशा चढाला छोटा गजर सोयीचा. ज्ञानोबा-तुकाराम एवढ्या दोन नावांचा, पावलावर पडणारा, दोन्ही रांगांत वाटलेला. लांब चालीचे अभंग सपाटीवर शोभतात. चढावर बैलांना आपण जादा जोडी देतो. गळ्याला मात्र देत नाही.

श्वास घ्यावा कसा

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. पूर्ण भरून घेतली तर मोठ्या माणसाची फुफ्फुसे तीन ते पाच लिटर हवा बाहेर टाकू शकतात. म्हणजे हवेची कमतरता बहुधा नसतेच. ती आत कुठे घेतो आणि बाहेर कशी सोडतो, यातच सगळे आहे.

एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर ठेवून श्वास घ्या. खांदे आणि वरची छाती उचलली जात असेल, तर श्वास वरवरचा आहे आणि मानेचे स्नायू आखडत आहेत. तिथूनच गळा आवळायला सुरुवात होते. खालचा हात पुढे आला, बरगड्या बाजूंना पसरल्या, खांदे जागचे हलले नाहीत, तर फुफ्फुसांखालचा श्वासपटलाचा पडदा नीट खाली गेला. निजलेल्या तान्ह्या बाळाचे पोट पाहा. ते कोणाकडून शिकलेले नसते. आपणही उताणे निजून हे आधी साधावे, मग बसून, मग टाळ घेऊन उभे राहून, आणि शेवटी पावली घालत. गळ्यात पखवाज असलेल्याने पट्टा पोटावर काचत नाही ना, तेवढे पाहावे.

आत घेतलेला श्वास ऐकू येऊ नये. माइकवर 'हाऽ' असा ओढल्याचा आवाज आला, तर घसा अरुंद झालेला आहे. मग 'स्‌स्‌स्‌' असा आवाज करत श्वास एकसारखा सोडावा. आधी दहा अंक, काही दिवसांनी पंधरा, पुढे वीस. आवाज सुरुवातीला जोरात आणि शेवटी लुळा होत असेल, तर अंक वाढवू नयेत. आधी सारखेपणा आणावा. चक्कर आली तर थांबावे. शेवटची हवा पिळून काढू नये. श्वास संपता संपता ओढलेला सूर गळ्यानेच ढकललेला असतो. मिटणारे स्वरतंतू तेव्हा एकमेकांवर आदळतात, सुजतात आणि हे रोज झाले की त्यांवर बारीक गाठी येतात. ज्या क्षणाला मंडपात टाळ्या पडतात, नेमका तोच क्षण गळ्याला सर्वांत महाग पडतो.

श्वास कुठे घ्यावा, हे त्याहून महत्त्वाचे, कारण तिथे अर्थाचा संबंध येतो. चरणाच्या शेवटी घ्यावा. शब्द तोडून घेऊ नये. विठ्ठलाचे नाव अर्ध्यावर तोडून श्वास घेणारा गायक कितीही सुरेल असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात नाव अर्धेच पोहोचते. नवा अभंग पाठ करताना वहीत श्वासाच्या जागी बारीक रेघ मारावी. पाठांतर घेणाऱ्या बुवांनी मुलांना शब्द आणि चाल यांच्याबरोबर हीसुद्धा सांगावी.

गाण्यापूर्वी दहा मिनिटे गळा जागा करावा. ओठ मिटून 'म्‌'चा गुंजारव, खालच्या स्वरांवर. लहान मुले गाडी-गाडी खेळताना ओठ फुर्रर्र करतात, तसे करत सूर वर-खाली न्यावा. शास्त्रीय गायक पहाटे खर्ज लावतात, तो याच हेतूने. आपल्यातला तरुण मात्र जेवून उठतो आणि पहिलाच सूर तार सप्तकात लावतो. पैलवान अंग गरम केल्याशिवाय मातीत उतरतो का?

प्राणायाम आणि गाणे

प्राणायाम करा, दमसास वाढेल, असा सल्ला सर्रास मिळतो. प्राणायामाविषयी आदर ठेवूनच सांगावे लागते, की दोन्ही गोष्टी एक नाहीत. पूरक, कुंभक, रेचक या तिन्हींत गाण्याशी संबंध येतो तो लांब, आवरलेल्या रेचकाचा. श्वास कोंडून धरण्याचा गाण्याला उपयोग नाही. कोंडताना गळा मिटतो आणि गाताना तो मोकळा हवा. भराभर पोट हलवून झटक्याने हवा फेकणेही गाण्याच्या अगदी उलट आहे. ज्याला प्राणायाम करायचा त्याने जाणत्याकडून शिकून आरोग्यासाठी करावा. आवाजाची किल्ली म्हणून नव्हे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे वर्णन माउलींनी किती तपशिलाने केले आहे, हे वाचकांना सांगायला नको. आणि तरीही सामान्यांच्या हाती त्यांनी दिला तो हरिपाठ. श्वास रोखून काही मिळवण्यापेक्षा श्वासाबरोबर नाम जाऊ द्यावे, ही आपली वाट. दमसास दाखवण्याची स्पर्धा त्या वाटेवर बसत नाही, मग ती योगाच्या नावाने असो की गाण्याच्या.

शरीराकडे दुर्लक्ष करावे, असेही ही परंपरा म्हणत नाही. १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभी करणारे जोग महाराज मल्लविद्येचे भोक्ते होते. कमावलेले शरीर आणि पाठ असलेली गाथा यांत त्यांना विरोध दिसला नाही. आज गावोगावी लहान-मोठ्या संस्थांतून मुले पखवाज, गायन, पाठांतर शिकतात. त्यातली पुष्कळ बारा ते पंधरा वयाची. याच वयात मुलाचा कंठ वाढतो आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. काही महिने तो फुटतो, चिरकतो. त्या काळात त्याला जुन्याच उंच पट्टीत गायला लावणे, "कालपर्यंत तर गात होतास" म्हणून चिडवणे, हे त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या सेवेवर घाव घालणे आहे. अशा मुलाला वर्षभर पखवाज द्यावा, टाळ द्यावा, हळू आवाजात खालच्या स्वरांत म्हणू द्यावे. गळा घरी परत येतो.

गावोगावच्या महिला भजनी मंडळांचाही विचार व्हावा. स्त्रियांना काळी चार-पाच सुखाची, पुरुषांना ती जाचक. एकत्र हरिपाठात दोघांपैकी एक पक्ष नेहमी ओढाताण सोसतो. अभंग वाटून घ्यावेत आणि पुढे म्हणणाऱ्यांच्या सोयीने पेटीची पट्टी बदलावी. यात कोणाचा मान कमी होत नाही.

औषधांविषयी दोन शब्द. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. खडीसाखरेने घशाला बरे वाटते, पण ती सुजलेल्या स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. तिथे कामाला येते ती दिवसभर थोडे थोडे प्यालेले पाणी आणि विश्रांती. सारखे खाकरणे टाळावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यापेक्षा गप्प बसावे. तंबाखू आणि मिसरी माळकऱ्याने कधीच सोडायला हवी होती. गायकाला तर ती दुहेरी घातक. आणि आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर नवस, काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. घोगरेपणा हे कधी कधी मोठ्या आजाराचेही पहिले लक्षण असते.

पुढच्या सप्ताहापुरते मागणे

एवढे लिहून शेवटी मागणे थोडेच आहे. येत्या सप्ताहात पेटी दोन पट्ट्या खाली धरून एक हरिपाठ करून पाहा. गायकांपुढे त्यांच्याकडे तोंड केलेला एक लहान स्पीकर ठेवा आणि मोठे कर्णे कमी करा. हरिपाठाला टाळ हळू वाजवा. शब्द टाळाच्या वर राहू द्या. विणेकऱ्याचे पहारे लावतो तसे गायकांचेही लावा. रोज तेच दोघे काकडा, हरिपाठ, कीर्तन आणि जागर ओढत राहणार नाहीत, याची जबाबदारी सप्ताह समितीची. आणि गायनाचार्यांनी सूर लांबवला, तर टाळकऱ्यांनी मोबाइलकडे न पाहता ध्रुपद उचलावे. तोच त्यांचा अधिकार आहे.

श्रोत्यांकडेही एक मागणे. टाळ्या कशाला वाजवायच्या हे आपण ठरवले, की गायक काय गाणार हे आपोआप ठरते. ऐंशीव्या वर्षीही काकड्याला स्वच्छ, हळू, सुरात म्हणणारे म्हातारे पुष्कळ गावांत अजून आहेत. त्यांचा दमसास कोणी मोजला नाही. त्यांनी कधी शेवटचा श्वास पिळला नाही, दुसऱ्याने उचलले की ते थांबले, आणि आपली पाळी आली की पुन्हा गायले. साठ वर्षे गळा टिकला तो असा. खरी कमाई ती.

भीमा इथून पुढे पंढरीला चंद्रभागा होते. वाटेत ती घाई करत नाही. आपल्या गळ्यांनाही तिथपर्यंत जायचे आहे, एकदा नव्हे, दरवर्षी.

राम कृष्ण हरी.